शेततळ्यावर गळ टाकायला येणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेततळ्यातल्या मासेमारीच्या छंदावर आलेला लेख वाचला. लिहिणाऱ्याची हौस अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. पण सोबतचा फोटो अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचा होता आणि मोठा मासा हवा असेल तर घ्या म्हणून सांगितलेले लुअर, म्हणजे गळ लावलेली नकली आमिषं, तीही सगळी बाससाठीची. हा मासा नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या शेततळ्यात मिळतो, तेवढं मात्र लेखात नव्हतं. असतं तर पहिली गाडी मीच काढली असती.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार. बागेला जोडून थोडा टोमॅटो. माझ्याकडे दोन तळी आहेत. एक वरच्या मुरमाड वावरात, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. दुसरं खाली नाल्याच्या कडेला, वडिलांच्या काळातलं, काळ्या मातीचं, बिनकागदाचं, एका अंगाला पाणकणीस आणि पाणवेल माजलेली. लहानपणी कादवा नदीत बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ एवढ्यावर आमचं भागायचं. आता रॉड आहे, रील आहे आणि भाच्याच्या कृपेने लुअरचा एक डबाही आहे. भाचा नाशिकच्या अंबडला कारखान्यात असतो. रविवारी तो मित्रांना घेऊन येतो, त्या मित्रांचे मित्र मागून येतात. येऊ देत, तळ्यावर चार माणसं आली की मलाही बरं वाटतं. त्यांच्या डब्यात काय असतं, याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

शेतीची लाईट रात्रीची असली की मोटारीपाशी जागावं लागतं. त्या वेळात भाच्याने लावून दिलेले अमेरिकेतले मासेमारीचे व्हिडिओ मी बरेच पाहिले आहेत. ती माणसं मूर्ख नाहीत. त्यांचे लुअर तसे का आहेत, याला त्यांच्याकडे चोख कारण आहे. तिकडच्या शेततळ्यात बास आणि ब्लूगिल ही जोडी सोडण्याची पद्धत आहे. अलाबामातल्या ऑबर्नला होमर स्विंगल या संशोधकाने १९३० च्या दशकापासून त्यावर काम केलं आणि कोणत्या तळ्यात कोणता मासा किती सोडायचा, याचा हिशेब बसवला. ब्लूगिल किडे खातो आणि भराभर वाढतो. बास ब्लूगिल खातो. म्हणून तिथल्या तळ्यावर ब्लूगिलच्या आकाराचा, चपट्या अंगाचा, त्याच्यासारख्या पट्ट्यांचा लुअर चालतो. आणि ते वीतभर लांबीचे जाडजूड स्विमबेट, म्हणजे पोहत्या माशासारखे लुअर, जे पाहून आमच्या पोरांचे डोळे दिपतात, ते कॅलिफोर्नियातून आले. तिथल्या तलावांत सरकार रेनबो ट्राउट सोडतं, मोठा बास त्या ट्राउटवर पोसला जातो, म्हणून आमिषही ट्राउटएवढं. आपल्या तळ्यात ट्राउट कुठली आली?

बासचा जागतिक विक्रम साधारण १० किलोचा. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने १९३२ मध्ये जॉर्जियात तो मासा धरला, आणि त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. बरोबरी करणाऱ्याच्या गळाला त्या वेळी लुअर नव्हता, जिवंत ब्लूगिल होता. लुअर किती मोठा, हा प्रश्न नंतरचा. त्या पाण्यातला मासा रोज काय खातो, ते आधी पाहायचं. आमच्या खालच्या तळ्यातला शिकारी मासा म्हणजे मरळ; ती बेडूक खाते, तिलापियाची पिल्लं खाते, पाण्यावर पडलेला नाकतोडा खाते. वरच्या तळ्यात तर असा खाणारा मासाच नाही.

वरच्या तळ्याचं आधी सांगतो, कारण बहुतेक पाहुणे तिथेच जातात. गाडी तिथपर्यंत जाते, पाणी निळंशार दिसतं, फोटो चांगला येतो. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये आली आणि ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल अशी तळी जिल्हाभर दिसू लागली. सिन्नर, येवला, चांदवड, देवळा, जिकडे जाल तिकडे. मुरमात पाणी थांबत नाही म्हणून शेतकरी वरून ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद टाकतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर उचलून ठेवायचं आणि उन्हाळ्यात बागेला द्यायचं. पाणी आहेच तर मासेही सोडतो. ते कुठले? कटला, रोहू, मृगळ, फार तर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. कटला वरच्या थरात पाण्यातलं बारीक जीवजंतूंचं खाद्य खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो. यातला एकही मासा दुसऱ्याच्या मागे धावून त्याला गिळत नाही. पाच किलोचा कटला समोरून जात असेल, तरी तुमच्या नऊशे रुपयांच्या चकचकीत लुअरकडे तो ढुंकूनही पाहणार नाही. एखादा आलाच तर तो शेपटीत नाहीतर पाठीत गळ अडकून आलेला असतो, आणि त्याला मासा पकडणं म्हणत नाहीत.

तिथे कणकेचा गोळाच लागतो. कणीक, शेंगदाण्याची पेंड, हवा तर थोडा मध, घट्ट मळून एका लहान गळाला लावायचा आणि बसायचं. पोरांना बसणं नको असतं, त्यांना फेकायचं आणि ओढायचं असतं. त्यातून आमच्याकडे काय झालं ते ऐका. एका पाहुण्याने क्रँकबेट आणला होता. या लुअरच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा एक ओठ असतो, त्यामुळे तो ओढला की खाली सूर मारतो आणि तळाला ठोकरत चालतो. अमेरिकेत दगडाला, बुडालेल्या खोडाला ठोकर बसली की बास चवताळून येतो, म्हणून तो तसा घडवलेला. पोटाखाली दोन ट्रेबल हुक, म्हणजे तीन-तीन तोंडांचे आकडे. आमच्या तळ्यात दगड नाही, खोड नाही, फक्त कागद. आकडा कागदात घुसला, पाहुण्याने खोड समजून जोर लावला. लुअर सुटला, तो खूश झाला, चहा पिऊन गेला.

कागद म्हणजे तळ्याची कातडी असते. फाटलेलं वरून दिसत नाही. रोज पाणी थोडं जास्त उतरतंय, एवढंच कळत होतं, आणि उन्हाची वाफ असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. एप्रिलची खरड छाटणी झाली, बागेला पाण्याची खरी गरज लागली, तेव्हा पातळी त्या भोकापर्यंत उतरून थांबली आणि फाटकं तोंड वर आलं. मागची माती भिजून खचली होती, कागदाखाली पोकळी झाली होती. उरलेलं पाणी खाली घ्यावं लागलं, भर टाकावी लागली आणि गरम हवेच्या मशीनने ठिगळ मारणारा माणूस बोलवावा लागला. त्या पोराला मी दोष देत नाही. दुकानात, व्हिडिओत, लेखात, कुठेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं की असलंही तळं असतं. म्हणून इथे सांगतो: कागदाच्या तळ्यात ट्रेबल हुक असलेली कुठलीही वस्तू नेऊ नका. तळाला बसणारे जड डोक्याचे जिग नकोत, खाली बुडणारे धातूच्या चमच्यासारखे स्पून नकोत. गोळा आणि एक गळ, तोही तरंडाखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली, कागदापासून वर राहील असा.

आता खालचं तळं. इथे मला हवं तेवढं बोलू द्या.

तिथे मरळ आहे. कुणी सोडली नाही, नाल्याच्या पुराबरोबर आली. मरळ हवेतला श्वास घेते. कल्ल्यांशिवाय तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळी जागा असते, आणि पाण्यात प्राणवायू असो नसो, तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. वर येऊ दिली नाही तर बुडून मरेल असा मासा! म्हणूनच आटत आलेल्या डबक्यात बाकी सगळे मासे मेले तरी मरळ जिवंत सापडते, ओल्या चिखलातून सरपटत दुसऱ्या डबक्यातही जाते. गळ टाकणाऱ्यासाठी तिची ही सवय सोन्यासारखी. सकाळी ऊन चढायच्या आत काठावर उभं राहा, लुअर बाहेरसुद्धा काढू नका. पाणकणसाच्या बुडाशी पाणी हलकंसं फुगतं, एक बुडबुडा फुटतो, गोल उमटतो. तिथे ती आहे. पुन्हा तिथेच किंवा हातभर अंतरावर वर येईल.

आणि मरळीला बाससाठी केलेला एक लुअर चालतो, तो म्हणजे रबरी बेडूक. अमेरिकन लोकांची ही गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो. मिशिगनमधल्या जेम्स हेडन यांनी १८९० च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरले होते, तेव्हापासून तिकडे बेडूक बासला दाखवताहेत. आजचा बेडूक पोकळ आणि मऊ असतो. दोन गळ त्याच्या पाठीला चिकटून वर तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे तो पाणवेलीवरून घसरत जातो, अडकत नाही. मासा चावला की पोकळ अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. आमच्या तळ्याला यापेक्षा शहाणं आमिष नाही. क्रँकबेट त्याच जागी पहिल्या फेकीला पाणवेलीचा भारा घेऊन येतो.

बेडूक केवढा घ्यायचा? पाच-सहा सेंटिमीटरचा. आमच्याकडे दोन-अडीच किलोची मरळ म्हणजे मोठी, आणि तीसुद्धा एवढाच बेडूक खाते, कारण तळ्यात बेडूक एवढेच आहेत. रंगावरून पोरं फार भांडतात. मासा खालून पाहतो, त्याला आभाळाच्या उजेडापुढे बेडकाचं पोट दिसतं. पाठीवर काढलेले ठिपके आणि डोळे दुकानात गिऱ्हाईकाला दिसण्यासाठी असतात. पाणी गढूळ असेल, आकाश भरून आलं असेल तर काळा घ्या, त्याची सावली ठळक पडते. पाणी निवळ असेल तर पांढऱ्या किंवा पिवळट पोटाचा. एवढे दोन पुरतात. भाच्याच्या डब्यात अठरा रंग आहेत, आणि मरळ येते ती बहुतेक काळ्यावर.

फेकताना मरळीच्या डोक्यावर फेकू नका, ती दचकून खाली जाते. गोल उमटला त्याच्या पलीकडे, वेलीवर टाका आणि हळूहळू ओढत आणा. मोकळ्या पाण्याच्या तोंडाशी आला की थांबवा. बेडूकही तिथे थांबतोच. मग नुसतं रॉडचं टोक हलवा. पाणी फाटल्यासारखा आवाज होईल, बेडूक दिसेनासा होईल, आणि नेमका याच क्षणी नवशिका रॉड खेचतो. बेडूक हवेत उडून पाहुण्याच्या कानाजवळून जातो. खेचायचं नाही. एक श्वास घ्यायचा, दोर ताणला गेला, वजन लागलं की मग दोन्ही हातांनी. मरळीचं तोंड हाडासारखं कडक, वर दात. नायलॉनचा दोर ताणला जाऊन गळाचा जोर खातो, म्हणून इथे ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईनच हवी, तीस-चाळीस पौंडांचा ताण सोसणारी, आणि रॉड ताठ. लवचीक रॉडने तिला वेलीतून बाहेर काढता येत नाही, ती बुडाशी गुंडाळा करून बसते.

महागाच्या बेडकाचा आग्रह मात्र मी धरणार नाही. फिनलंडच्या लौरी रापाला यांचे लुअर आज दुकानात काचेच्या कपाटात ठेवतात, पण त्यांनी स्वतः १९३६ मध्ये पहिला कोरला तो बुचाच्या लाकडाचा, वर चॉकलेटची चांदी लावून. आमच्या गावात एक जण जुन्या हवाई चपलेचा तुकडा बेडकाच्या आकाराचा कापतो, मागे सुतळीचे दोन पाय सोडतो आणि आमच्यापेक्षा जास्त मरळी नेतो.

हंगामाचंही सांगतो. व्हिडिओत थंडी संपताना मोठा बास मिळतो असं दाखवतात. तो पाणी १५-१६ अंशांच्या पुढे तापू लागलं की काठाला अंडी घालायला येतो, त्यामुळे त्यांचं ते खरं. मरळीचं वेळापत्रक पावसावर चालतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी छापता, त्या दिवसांत आमच्या तळ्यावर बेडूक ओढणं म्हणजे हाताला व्यायाम. मार्च ते मे, पाणी उतरून मासा गोळा होतो तेव्हा, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात ती चांगली खाते. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मला मरायला वेळ नसतो, तेव्हा कृपा करून कुणी येऊ नका.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर अजिबात नको. त्या वेळी पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा झुबका खळबळताना दिसतो, शेकडो पिल्लं, सगळी एकदम श्वासाला वर येतात आणि एकदम खाली जातात. त्यांच्या खाली मरळ राखणीला असते, बहुधा नर. त्या झुबक्यात काहीही फेका, ती तुटून पडते. भूक म्हणून नाही, पिल्लं वाचवायला. म्हणून शहरातून येणाऱ्यांना हा हमखास मोठा मासा मिळवायचा मार्ग वाटतो, आणि त्याचे व्हिडिओही निघतात. राखणारा गेला की तासाभरात तिलापिया आणि खंड्या मिळून तो झुबका साफ करतात. आमच्या आजोबांच्या काळी पिलावरच्या मरळीवर गळ टाकणाऱ्याला लोक काठावरून उठवायचे. मीही उठवतो.

भाच्याने एकदा विचारलं, "मामा, मग बासची बोटुकलीच मिळाली तर आपल्या तळ्यात सोडा की." हा प्रश्न तो एकटा विचारत नाही, म्हणून उत्तर इथे देतो. जपानने १९२५ मध्ये बास आणला, एका सरोवरात. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे संपवू लागला, आणि २००५ पासून तिथे कायद्याने तो पाळायला, वाहून न्यायला बंदी आहे. ब्लूगिल तर १९६० मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोत भेट मिळाला होता. सम्राट झाल्यावर २००७ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. उलटही घडलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत मेरिलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात चीनकडची मरळ सापडली, आपल्या मरळीची चुलत बहीण. एकाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला दोन जिवंत आणल्या, बहीण बरी झाली, मासे तळ्यात सोडले. तेवढ्यावरून सरकारला सगळ्या तळ्यात विष कालवून मासे मारावे लागले. आपल्याकडे आफ्रिकन मांगूर या माशावर २००० पासून बंदी आहे, तरी त्याच्या बातम्या येतच असतात. आमचं खालचं तळं पुरात नाल्याला मिळतं, नाला कादवेला, कादवा गोदावरीला. खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. माझ्या तळ्यात सोडलेला मासा माझ्या तळ्यात राहणार नाही.

थोडक्यात आणखी दोन-चार गोष्टी. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ घेऊन जाऊ नका. धरणांत आणि पाझर तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारून जा. लाईनचा तुटलेला तुकडा पाण्यात टाकू नका, तो मोटारीच्या फुटबॉलच्या (फूट व्हॉल्व्हच्या) जाळीत जाऊन बसतो आणि पाणी ओढणं बंद होतं. रबरी किडे तुटले तर खिशात घाला, मासा ते गिळतो आणि ते पचत नाहीत.

आणि कागदाच्या तळ्याच्या उतारावर पाय ठेवू नका. अडकलेला लुअर सोडवायला तर मुळीच नाही. ओल्या कागदावर शेवाळ असतं, धरायला काही नसतं, पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपणच छापता. मी चारी बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले आहेत आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब काठावर ठेवल्या आहेत. ज्या तळ्यावर दोर दिसणार नाही, तिथे गळ टाकू नका, मालक कितीही ओळखीचा असला तरी. लुअर नऊशेचा असो की नऊ हजारांचा, लाईन कापा आणि घरी जा.

पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल तेव्हा फोटो मरळीचा छापावा, ही विनंती. हवा असेल तर भाचा पाठवील, त्याच्याकडे ढीग आहेत. माझं नाव आणि गाव मात्र छापू नये. छापलंत तर येत्या रविवारी बांधावर गाड्यांना जागा उरणार नाही.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक